सांगलीचा एक्सल

आमच्या घरात सकाळ दोन आवाजांनी व्हायची. एक आईच्या भाकरी थापण्याचा आणि दुसरा आप्पांच्या गाडीचा. आप्पा फौजेतून सुभेदार होऊन रहिमतपूरला परतले आणि आल्या आल्या त्यांनी साताऱ्याच्या एका वकिलाची जुनी पांढरी मोटार घेतली. ती बनवणं कंपनीने तेव्हाच बंद केलं होतं. दारं जाड, मागची सीट सोफ्यासारखी, आणि आत कायम पेट्रोल आणि जुन्या रेक्झिनचा मिसळलेला वास. जायचं कुठे नसलं तरी आप्पा रोज सकाळी ती सुरू करून अंगणात तशीच धडधडत ठेवायचे, बॉनेटपाशी चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि समाधान झालं की बंद करून आत यायचे. तोवर आईने ज्वारीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी आणि खर्डा वाढलेला असायचा. आईची वाढण्याची पद्धत ठरलेली होती. मीठ उजव्या हाताला, आमटीची वाटी त्याच्या पलीकडे, तांब्या डाव्या गुडघ्यापाशी. आमच्यापैकी कुणी तांब्या हलवला तर ती ओरडायची. मला ती उगीच किरकिर वाटे.

गाडीत बसताना मात्र आई पुढच्या सीटचा हट्ट धरायची. थोरला भाऊ फौजेत गेलेला, त्यामुळे घरात आम्ही चौघंच. ताई आणि मी मागे. आई सगळ्या रस्ताभर भेदरलेली असायची. "आवं, म्हस हाय म्होरं!" "आवं, पोरगं पळालं बघा!" "आवं, खड्डा!" आप्पा चिडून म्हणायचे, "दिसतंय की मला. तू गप बस." आम्ही दोघी मागे तोंडावर पदर, म्हणजे ओढणी धरून हसायचो. पुढे ताईचं लग्न विट्याच्या अलीकडच्या एका गावात झालं. ताईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आप्पांनी व्याह्यांना शब्द दिला, की सातव्या महिन्यात पोरीला पहिल्या बाळंतपणाला आणायला मी स्वतः माझी गाडी घेऊन येणार. व्याही मोठे बागायतदार, दारात दोन ट्रॅक्टर. त्यांच्यासमोर दिलेला शब्द म्हणजे आप्पांच्या लेखी हुकूमच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते एकटे कोरेगावहून परतत होते. आई हळदीकुंकवाला गेली होती म्हणून बरोबर नव्हती. दिवस मावळायला आलेला. रस्त्याच्या कडेला दुरुस्तीसाठी खडीचा ढीग टाकलेला होता. गाडी त्यावर चढली, तिरकी झाली आणि मागचं चाक मोरीशेजारच्या चरात गेलं. आप्पांना लागलं नाही. त्यांनी जोर लावून गाडी वर काढायचा प्रयत्न केला तेव्हा मागून 'कट्' असा आवाज आला आणि इंजिन नुसतंच गुरगुरत राहिलं. बैल लावून गाडी घरी आणली. दारात जमलेल्या माणसांना आप्पांनी एकच सांगितलं, "एक्सल कच्चा निघाला. त्या वकिलानं फसवलं." आई तेवढं ऐकून आत निघून गेली.

आमच्याकडचे बबन मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन गाडीखाली शिरले. त्यांनी चाक उतरवून तुटलेल्या एक्सलचे दोन तुकडे बाहेर काढले आणि अंगणातल्या फरशीवर जोडून ठेवले. मनगटाएवढा जाड लोखंडी दांडा. एका टोकाला चाक बसायची तबकडी, दुसऱ्या टोकाला उभे दाते. हे दाते आतल्या गरारीत, म्हणजे दातेरी चाकात बसतात आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो. साताऱ्यात जुन्या सामानाचं एक दुकान होतं. तिथून गाडीचं नाव सांगून एक्सल आणला. दाते झकास बसले, पण तबकडी दोन बोटं बाहेरच राहिली. दुसरा आणला. त्याची लांबी बरोबर, पण दाते बारीक. तिसरा ना लांबीला ना दात्याला. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, हात पुसत बसले आणि म्हणाले, "सुभेदार, हिचा वरचा सांगाडा एका गाडीचा आन् मागचं सगळं धड दुसऱ्या गाडीचं हाय. वकिलानं कवातरी डिझेल गाडीचं धड आणून बसवलंय. साताऱ्यात ह्यो मिळायचा न्हाई. सांगलीला जावा." ताईचा सातवा जवळ येत होता. आप्पा रोज सकाळी सवयीने अंगणात जायचे, उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे आणि चहा तसाच घेऊन परत यायचे.

आज हे लिहिताना वाटतं, आता असा शोध उरलाच नाही. माझा मुलगा गाडीच्या कसल्याशा भागाचा मोबाइलवर फोटो काढतो, तो चार गावांत पाठवतो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर येतं. तेव्हा तुटका तुकडाच खांद्यावर घेऊन जावं लागायचं. आप्पा मला म्हणाले, "मंगे, तूबी चल. त्यावर बारीक आकडं असत्यात, तुला वाचता येतील." मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात शिकत होते. आप्पांना आकडे वाचता येत नव्हते असं थोडंच होतं! फौजेत त्यांनी आयुष्यभर गाड्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. पण मला कॉलेज बुडवायला निमित्त हवं होतं, म्हणून मी काही विचारलं नाही.

आम्ही पॅसेंजरने निघालो. दाते असलेला तुकडा आप्पांनी गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधला होता. अख्ख्या एक्सलच्या लांबीची एक सुतळी वेगळी कापून खिशात ठेवली होती. रहिमतपूर स्टेशनवर उन्हातून डब्यात चढताना आप्पा पायरीवर क्षणभर थांबले, मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आप्पांनी तसा हात ठेवल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. मला ते प्रेमाचं वाटलं आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं. आईने फडक्यात भाकरी, तिळाची चटणी आणि कांदा बांधून दिला होता. कऱ्हाड गेल्यावर आम्ही ते खाल्लं. खिडकीतून कृष्णेकाठचा ऊस सरकत होता. समोरच्या बाईने गोणपाटाकडे बघून विचारलं, "काय हाय वो ह्यात?" आप्पा म्हणाले, "गाडीचं हाड हाय." ती बाई माधवनगर येईपर्यंत पाय वर घेऊन बसली होती.

सांगलीत उतरल्यावर आधी हळदीचा वास आला. बाजाराच्या बाजूला पोत्यांच्या थप्प्या, हमालांचे पाय पिवळे, रिक्षांच्या टपांवरही पिवळी धूळ. त्या गर्दीतून विचारत विचारत आम्ही मोडीच्या गाड्यांच्या गल्लीत पोचलो. दोन दुकानांत नकार मिळाला. तिसऱ्यात दस्तगीरभाई भेटले. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, अंगात नुसतं बनियन. त्यांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि म्हणाले, "ह्यो आपल्याकडं असंल. शोधावा लागंल. आत या, पर कपडं संभाळा."

पत्र्याची लांबलचक शेड. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर मलाही क्षणभर काही दिसलं नाही. मग हळूहळू भिंतीला उभे केलेले एक्सल दिसू लागले, उसाच्या मोळ्या लावाव्यात तसे. आप्पा दारातच उभे होते. मी आत गेले तरी ते हलले नाहीत. मग भिंतीला हात लावत ते पहिल्या मोळीपाशी आले आणि खाली बसले. एकेक दांडा आडवा घेऊन ते दात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि ओठांत मोजत. जमला नाही की बाजूला. दाते जमले की खिशातली सुतळी काढून लांबी धरत. मी आकडे वाचून दाखवत होते. त्यांचे हात काळे झाले, गुडघ्यावर गंज सांडला. फौजी माणूस आहे, काम नीट करतो, एवढंच माझ्या मनात आलं. बऱ्याच वेळाने एक दांडा जुळला. सुतळी टोकाला टोक बसली. आप्पांनी तो मांडीवर घेतला आणि लहान मुलासारखे हसले. "मंगे, ह्योच. झालं काम."

दस्तगीरभाई तेवढ्यात चहा घेऊन आत आले. आप्पांच्या मांडीवरच्या दांड्याकडे बघून ते जोरात हसले. "आवं सुभेदार, त्यो कुठं घेताय? मोडलेला सांधून मदी झळाई मारलीया त्याला. ही एवढी गाठ हाय मधोमध. दिसंना व्हय तुमास्नी?"

ती गाठ मी पाहिली होती. अंड्याएवढी, ओबडधोबड. मला वाटलं एक्सल असाच असतो. आप्पांचा हात दात्यांवरून सरकत मधे गेला, गाठीवर थांबला. त्यांनी ती बोटांनी चाचपली. मग मान वर केली, पण दस्तगीरभाई उभे होते त्याच्या जरा डावीकडे बघत म्हणाले, "न्हाई. न्हाई दिसत."

दस्तगीरभाईंना आधी ते कळलंच नाही. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्यांनी चहाचे कप खाली ठेवले आणि आप्पांच्या समोर उकिडवे बसले. "कवापासनं?"

"झालं साल-दीड साल. समोर बघितलं तर नळीतनं बघितल्यागत दिसतंय. कडंचं काय दिसत न्हाई. उनातनं सावलीत आलो की कायच न्हाई."

"आन् गाडी चालवताय?"

आप्पांनी चाचपत कप उचलला. चहा घेतला. मी तिथे उभी होते. खडीचा ढीग, पायरीवरचा हात, बारीक आकडे, सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसत गेलं. रडू आलं नाही. राग मात्र आला, आणि कुणावर ते कळेना. इतक्या महिन्यांत आप्पांना तसं सरळ कुणी विचारलंच नव्हतं, असं मला आज वाटतं. त्या माणसाने बोलीभाषेतला साधा टोमणा मारला आणि आप्पांनी त्याला खरं उत्तर देऊन टाकलं. घरी, गावात, सुभेदार म्हणून मान मिळतो तिथे ते शक्य झालं नसतं.

दस्तगीरभाईंनी शेडच्या पार मागच्या कोपऱ्यातून दुसरा एक्सल काढून आणला. त्यांनी तो आप्पांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "पोरी, तू डोळ्यानं बघ, सुभेदार हातानं बघतील." आम्ही दोघांनी तो टोकापासून टोकापर्यंत तपासला. दाते तेच, लांबी तीच, मधे काही नाही. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या," दस्तगीरभाई म्हणाले, "आन् आधी विश्रामबागंला जावा. माझ्या थोरल्या भावाला असंच झालतं. त्यानं उशीर केला. तुमी करू नगा." त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला आणि आम्हाला स्वतः रिक्षात बसवलं.

दवाखान्यात आप्पांना एकेक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. ते ताठ बसून, हजेरी देत असल्यासारखे वाचत होते आणि दोन ओळींनंतर थांबत होते. डॉक्टर तरुण होते. त्यांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो आणि नस सुकत जाते; जी नजर गेली ती परत येणार नाही; जी उरली आहे ती थेंब घालून राखता येईल. "गाडी?" आप्पांनी विचारलं. "आता नाही," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी मान हलवली आणि शर्टाच्या बाह्या खाली केल्या. हा आजार घराण्यात उतरतो, असं डॉक्टरांनी मलाही सांगितलं. माझ्या पन्नाशीनंतर तो माझ्याकडे आला. रोज संध्याकाळी मी आता तेच थेंब घालते. पण मला वेळेवर कळलं, कारण मला माहीत होतं.

दुकानात जाऊन एक्सल घेतला. परतीच्या गाडीत तो आमच्या पायांखाली आडवा होता. येणारे-जाणारे त्याला अडखळत होते आणि शिव्या घालत होते. भिलवडी गेल्यावर आप्पा म्हणाले, "आईला इतक्यात सांगू नगंस."

"बरं. पर ताईला आणायला तुमी जायाचं न्हाई."

"मग कोन जानार? शब्द दिलाय मी व्याह्यांला."

"भाड्यानं जीप सांगू."

"भाड्याच्या जीपमदी पोटुशी पोर घालतीस? ती ड्रायव्हर लोकं खड्डं बघून चालवत्यात व्हय?" ते बोलून गेले आणि थांबले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं. मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर अंधारून येत होतं, म्हणजे त्यांना बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. कऱ्हाडला चहावाला आला, गेला. गाडी पुन्हा हलली तेव्हा तोंड न वळवताच त्यांनी विचारलं, "तुजं पाय पोचत्यात का गं क्लचला?"

घरी आल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. आप्पा हातपाय धुवायला गेले तेव्हा मी आईला चुलीपाशी गाठलं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगून टाकलं. आई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती म्हणाली, "मला कवाच कळलंय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय झालं असतं? त्यांनी ऐकलं असतं व्हय? उलट मला घरी ठिवून एकलंच गेलं असतं. म्हणून मी म्होरं बसत हुते. म्हस हाय, पोरगं हाय, खड्डा हाय, सांगत हुते की." तिने भाकरी फुगवून टोपलीत टाकली. "तुमी हसायच्या दोघी. हसा म्हणलं. तुमी हसत हुता तवर त्यांना वाटत हुतं, कुणाला काय कळलं न्हाई."

पुढे मी घराकडे नीट पाहिलं. पायऱ्यांच्या कडांना आईने चुन्याचे पांढरे पट्टे ओढलेले होते. आम्ही ते दिवाळीचे समजत होतो. बाज वर्षभर एका जागेवरून हललेली नव्हती. न्हाणीकडे जाताना दोरी बांधलेली होती, तिच्यावर कपडे वाळत असत. जेवताना आप्पांचा हात मिठावर न चुकता का पडतो, हे मला एकोणिसाव्या वर्षी समजलं. आईने ते कधी आप्पांना बोलून दाखवलं नाही आणि आप्पांनीही कधी विचारलं नाही. त्या रात्री मात्र त्यांनी पिशवीतून थेंबांची बाटली काढून तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "दिसातनं दोनदा घालायचं हाय. मला नेम धरता येत न्हाई." आईने हात पदराला पुसले आणि त्यांचं डोकं मागे केलं. दोघांमध्ये या विषयावर तेवढंच बोलणं झालं.

एक्सल बसला. बबन मिस्त्रींनी तो आत सरकवला, तबकडी 'टप्' करून जागेवर गेली आणि ते गाडीखालूनच ओरडले, "आगं बया, जुळला की!" दुसऱ्या दिवसापासून बाजाराच्या पटांगणात माझं शिक्षण सुरू झालं. आप्पा डावीकडे बसायचे, मांडीवर हात ठेवून, मान जरा कलती. ते रस्त्याकडे बघत नसत, ऐकत असत. "इंजिन रडतंय, गेर बदल." "आता क्लच सोड. हळू. पायाखाली अंडं हाय समज." "ब्रेक का मारलास? कुत्रं हुतं? मग बरं केलंस." पटांगणाच्या कडेला पोरं आणि म्हातारी माणसं जमायची. सुभेदाराची पोर गाडी शिकतेय, यापेक्षा सुभेदार डावीकडे का बसलाय, याचीच चर्चा जास्त. एकदा कुणीतरी विचारलंच. आप्पा म्हणाले, "डोळं गेलं माजं. आता ही चालवनार." त्यानंतर गर्दी कमी झाली. मला वाटतं, लोकांना दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. पुढे साताऱ्याला जाऊन मी परवाना काढला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी गाडी उतारावर थांबवून पुन्हा चढवायला सांगितली. मी ती न सरकवता चढवली, आणि बाहेर उभ्या असलेल्या आप्पांनी नुसत्या आवाजावरून "पास" म्हणून बरोबर आलेल्या बबन मिस्त्रींना टाळी दिली.

ताईला आणायला आम्ही तिघं गेलो. तिच्या सासरी मोठा स्वयंपाक होता, पुरणाची पोळी, कटाची आमटी, गुळवणी. मला भूक नव्हती. जेवणं झाल्यावर सगळी अंगणात आली. ताई सावकाश मागच्या सीटवर बसली, तिच्या पाठीला आईने उशी लावली. मी स्टिअरिंगमागे बसले तेव्हा व्याही पुढे आले. "सुभेदार, ही काय चेष्टा? अवघडलेली पोर हाय गाडीत. मी आमचा ट्रॅक्टरवाला देतो, त्याला मोटार येती."

आप्पा दार धरून उभे होते. अंगणात व्याह्यांचे भाऊ, जावई, गडीमाणसं, पंधरा-वीस जण असतील. "व्याहीबुवा," आप्पा म्हणाले, "मी यायचा शब्द दिलता, मी आलो. पर चालवायची मी न्हाई. मला खड्डा दिसत न्हाई. हिला दिसतो. तुमच्या ट्रॅक्टरवाल्यापरास मला हिचा भरवसा हाय." व्याही ताईकडे बघू लागले. ताईने मागून शांतपणे सांगितलं, "मामंजी, मी मंगलसंगं जाते." सासूबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आम्ही निघालो.

पुसेसावळीच्या अलीकडे रस्ता अरुंद आहे, अजूनही. तिथे आमच्यापुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर आला. ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबत होता, धूर सरळ काचेवर येत होता. मागे ताईला मळमळायला लागलं. मी हॉर्न वाजवला, ट्रॅक्टर जरासा डावीकडे दबला, पण माझा पाय पुढे जाईना. पटांगणात ट्रॅक्टर नसतात. तोवर मी एकाही गाडीच्या पुढे गाडी काढलेली नव्हती. आप्पांनी माझ्या बाजूला तोंड केलं. "काय हाय म्होरं?"

"उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या."

"त्याच्या म्होरं?"

मी जरा उजवीकडे घेऊन पाहिलं. "रस्ता मोकळा हाय. लांबवर एक सायकलवाला."

"सायकलवाला तिकडनं येतोय का जातोय?"

"जातोय."

ते थोडा वेळ इंजिन ऐकत राहिले. मग सीटवर मागे टेकून बसले. "तुला दिसतंय न्हवं? मग जा."

मी गेअर बदलला आणि गेले.